काठ खाल्लेले मडके

मी एक जुने मडके आहे. मित्रांनो, माझ्या काठाचा एक तुकडा नाही. तो फुटला नाही. खाल्ला.

माझा जन्म शहाद्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी झाला. राज्य इंग्रजांचे आहे म्हणतात, पण आमच्या गावात त्यांच्यातला कुणी अजून जेवायलाही थांबलेला नाही. कुंभाराने मला थापले, भाजले, टिचकी मारून पाहिले आणि रेंग्याच्या घरी दिले.

रेंग्याची बायको पारुबाई तेव्हा पोटुशी होती. ओठ पिठासारखे पांढरे. घागर उचलली की धाप लागे. आणि तिला मातीची चट लागली होती. आधी तिने चुलीचा कोपरा संपवला, मग भिंत धरली. एके दिवशी रेंग्याला घरात बसल्या बसल्या भिंतीतून शेजाऱ्याचा बैल दिसला.

"माय वं, तुन्ही सून घर खाई ऱ्हायनी!"

"खाऊ दे," त्याची आई नानीबाई म्हणाली. "पावसाळाना आधी थांबनी म्हंजे झालं."

पण भिंतीनंतर माझी पाळी आली, तेव्हा मात्र म्हातारी हादरली. भिंत घरची होती, मडके विकतचे. तिने डोके लढवले. "हिले माती जोयजे आन् आंबट बी जोयजे. मडकामा आंबट करी दिऊत. पोट भरी जाई, मडकं वाची जाई."

झाले! ज्वारीचा भरडा कोंड्यासकट माझ्यात भिजू लागला. कालच्या आंबटातले घोटभर तळाशी ठेवायचे, त्यावर नवा भरडा, नवे पाणी. आंबले की शिजवायचे. मित्रांनो, दाणा मोठा कंजूष असतो. अंगात रक्त भरणारे लोह तो मुठीत आवळून बसतो. पोटात गेला तरी मूठ सोडत नाही. भिजून आंबला, की त्याची बोटे सैल होतात.

हळूहळू पारुबाईच्या ओठांवर रंग आला. बाळंतपण सुखरूप झाले. माती सुटली. मडके वाचले, असे सगळे म्हणाले. पारुबाई वाचली, हे कुणाच्या ध्यानातच आले नाही.

तिचे नाव मात्र 'मडकंखाई' पडले. लग्नात, बाजारात, मयतीलासुद्धा. तिचा लेक आमशा मोठा झाला, रमिला सून म्हणून आली. तिला दिवस गेले तशी पारुबाई शहाद्याच्या बाजारातून जर्मन धातूचे पातेले घेऊन आली. त्यावर बोट वाजवून म्हणाली, "हाई खाईसन दाखाड! मन्ही सूनले कोनी मडकंखाई नको म्हनो."

पातेले खाण्याजोगे नव्हते, म्हणून आंबवायचेही कारण उरले नाही. मला मागच्या अंगणात कोंबडी बसवायला दिले. कोंबडी स्वभावाने चांगली होती, पण तिच्याकडे बोलायला विषय एकच. मी तिथून रमिलाचे ओठ पांढरे होताना पाहत राहिले. मडक्याला तोंड असते, पण ते बोलण्यासाठी नसते.

परवा रमिला मागे आली. तिने कोंबडीला हाकलले, इकडेतिकडे पाहिले आणि माझा दुसऱ्या बाजूचा काठ मोडून तोंडात टाकला. दारात पारुबाई उभी होती.

जवळ येऊन तिने आपल्या जुन्या घासावरून बोट फिरवले. मग नव्यावरून.

"मी तुन्ही लाज वाचाडी व बाय," ती म्हणाली. "तुले नही वाचाडं."

तिने मला धुतले, शेजारणीकडून घोटभर आंबट मागून आणले, भरडा भिजवला. पण इतके महिने कोरडे राहून माझ्या तळाला चीर गेली आहे. पारुबाई तिच्यावर चिखल दाबते, मी तरी पाझरते. आंबायला वेळ लागतो, आणि रमिलाचे दिवस भरत आले आहेत. धरवते तेवढे मी धरून ठेवते.

मित्रांनो, घरात कुणी भिंत खाऊ लागले, तर भिंत नुसती लिंपू नका. खाणारीच्या ओठांकडे पाहा. धान्य भिजवा, आंबू द्या, त्या वासाला नाक मुरडू नका. माझा काठ सगळ्यांना पुरणार नाही.