या घटनेची तक्रार केली जाईल

माझ्या सासऱ्यांचा कवळ्या बनवण्याचा कारखाना आहे. लग्नानंतर मी तिथेच चिकटलो. पहिले सहा महिने कवळ्यांना पॉलिश केलं. या कामात दिवसभर शेकडो दात तुमच्याकडे बघून हसतात आणि तुम्हाला उलट काही बोलता येत नाही.

पुढे तिथला संगणक इतका थकला की सकाळी चालू केल्यावर प्लास्टर आधी वाळायचं आणि पडदा नंतर उजळायचा. मी म्हटलं, यावर लिनक्स नावाची हलकी, फुकटची प्रणाली घालतो. सासऱ्यांनी विचारलं, येतं का? म्हटलं, शिकतो. हे उत्तर त्यांना का कोण जाणे प्रामाणिक वाटलं, आणि मला खुर्ची मिळाली. फिरणारी, हातांची.

मी स्वतःला प्रशासक करून टाकलं. म्हणजे आज्ञेच्या आधी ‘सुडो’ लिहायचं, पासवर्ड द्यायचा, की यंत्र निमूट ऐकतं. घरजावयाला हे सुख नवीन होतं. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. या घरातल्या प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. याची माझी किल्ली कुठाय, असं त्यांनी विचारलं. मग त्यांनाही प्रशासक केलं. मला भिंतीकडे तोंड करून उभं करत त्यांनी एका बोटाने पासवर्ड ठरवला. अकरा मिनिटं लागली.

प्रशासकांच्या यादीत नसलेल्या कुणी सुडो लिहायचा आगाऊपणा केला तर यंत्र प्रशासकाला मेल पाठवतं. तो मेल मी सासूबाईंच्या फोनवर लावून दिला. त्यांना बरं वाटलं, माझं काही गेलं नाही. यंत्र वापरणारा मी एकटा, तक्रार होणार कुणाची?

गुरुवारी संध्याकाळी पाचला एका वृद्धाश्रमाच्या एकतीस कवळ्या जायच्या होत्या. प्रत्येक डबीवर नावाची चिठ्ठी हवी. मागे सासऱ्यांच्या अक्षरापायी दोन आजोबा तीन आठवडे एकमेकांच्या दातांनी जेवले होते. त्यातल्या एकाला अजून दुसऱ्याच्या आवडीचंच खावंसं वाटतं. म्हणून नवीन प्रिंटर आणला होता. सासरे शांतपणे म्हणाले, “पाचच्या आत छापील चिठ्ठ्या निघाल्या तर खुर्ची तुमची. नाहीतर मी वही काढतो, तुम्ही पॉलिशला बसा.”

सकाळीच मी कामाला लागलो. प्रिंटर सांभाळणाऱ्यांचा एक गट असतो, त्यात स्वतःला घातलं. त्या आज्ञेत एक छोटं ‘ए’ लिहायचं असतं. ते लिहिलं तर जुने गट राहून नवा मिळतो. नाही लिहिलं तर नवा मिळतो आणि बाकी सगळ्यांतून, प्रशासकांच्या यादीतूनही, हकालपट्टी होते. मी नाही लिहिलं. स्वतःची हकालपट्टी स्वतःच्या पासवर्डाने मंजूर केली, आणि संगणक बंद करून चालू केला.

आता प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, बसवायचा होता. सुडो लिहिलं. पडद्यावर उत्तर आलं: तुमचं नाव यादीत नाही, या घटनेची तक्रार केली जाईल. मला वाटलं, घाईत काही चुकलं असेल. बंद दाराची कडी माणूस एकदाच वाजवत नाही. मी सात वेळा वाजवली.

सासूबाई फोन घेऊन आल्या.

“जावईबापू, सात वेळा काय करत होतात?”

मी सगळं कबूल केलं. त्यांनी खुर्ची मागितली, दिली. मी स्टुलावर बसलो. मला यादीत परत घालायची ओळ मी त्यांना सांगू लागलो. ‘ए’पाशी त्यांचं बोट थांबलं. हे कशाला? म्हटलं, त्यामुळे नवीन मिळताना जुनं जात नाही.

“म्हणजे सून आली म्हणून लेकीला घराबाहेर काढायचं नाही.”

“तेच, आई.”

“हे सकाळी ठाऊक होतं?”

“आत्ता कळलं.”

त्यांनी लिहिलेलं सगळं एकेक अक्षर करून खोडलं. मुळात काम काय आहे, असं विचारलं. ड्रायव्हर बसवायचाय. त्या म्हणाल्या, तो माझ्या नावाने बसेल? म्हटलं, बसेल. मग यादीचं निवांत बघू, म्हणाल्या.

मी आपण होऊन भिंतीकडे वळलो. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. यावर त्या खूश झाल्या. पोटात ठेवतो हो, म्हणाल्या. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. पुढे जायचं का, असं यंत्राने त्यांना विचारलं. इतक्या वर्षांत या कारखान्यात कुणी त्यांना विचारून पुढे गेलं नव्हतं. त्यांनी ‘हो’चं बटण असं दाबलं की टेबल हललं.

पाचला वीस कमी असताना एकतिसावी चिठ्ठी निघाली. सासऱ्यांनी प्रत्येक डबी ताडून पाहिली आणि वही कपाटात ठेवली. खुर्ची तुमची, म्हणाले. सासूबाई उठल्या नाहीत. सासरे त्यांच्याकडे बघूनच बोलत होते, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

आता ठरलंय असं: संगणकाचं काम माझंच, पण स्टुलावर बसून. छापायची मला मोकळीक, बसवायचं-काढायचं त्यांच्याकडे. यादीसाठी मी लेखी अर्ज केलाय. तो विचाराधीन आहे.

काल त्या स्वयंपाकघरात असताना मी सहज एकदा सुडो लिहून पाहिलं. आत फोन किणकिणला.

“जावईबापू,” आतून आवाज आला, “आठ.”