भोंग्याचा पुकारा

तिचे बाबा नावाडी होते. नदी चांगलीच रुंद, आणि नाव ज्या काठाला नसेल नेमकं त्याच काठावर गिऱ्हाईक येऊन उभं राहायचं. मग घरातून कोणीतरी बाबांना हाक मारायची. आईची हाक नदीच्या मध्यापर्यंत जाऊन बुडायची. थोरल्या भावाची त्याहून थोडी पुढे. धाकट्या लेकीची मात्र पार पलीकडे पोचायची आणि झाडाखाली डुलकी काढणारे बाबा धडपडत उठून वल्ह्याला हात घालायचे. तेव्हापासून सगळं गाव तिला भोंगा म्हणू लागलं.

शाळेत बाईंनी तिला कविता म्हणायला क्वचितच उभं केलं. शेजारच्या वर्गातली पोरं तिचंच ऐकून पाठ करतात, अशी तिथल्या गुरुजींची तक्रार होती. घरी पाहुणे आले की आई डोळे वटारून खूण करायची, हळू बोल. भोंगा मोठी झाली, चांगली विशीची झाली, तरी तिला हळू काही जमेना. वाईट वाटायचं तिला. पण ते बोलून दाखवायचं तरी कसं? बोललं की सगळ्या आळीला कळायचं.

एका वर्षी पूर आला आणि खालची वस्ती चिखलात गेली. शहरातून स्वयंसेवकांची एक तुकडी आली. भोंगा पहिल्या दिवशी नुसती बघायला म्हणून गेली आणि संध्याकाळी केसांपर्यंत चिखल घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी कोणी न बोलावता पुन्हा गेली. घरं उपसायची, विहिरी साफ करायच्या, म्हाताऱ्यांना पाठकुळी घेऊन कोरड्या जागी न्यायचं. काम संपत आलं तेव्हा तुकडीची प्रमुख असलेली ताई तिच्याजवळ येऊन बसली.

"अशा कामाला लांब जायला आवडेल तुला?"

"किती लांब?"

"समुद्रापलीकडे. आमची संस्था दरवर्षी खेड्यातल्या काही मुलामुलींना पाठवते. सहा-सात महिने तिथे राहायचं, काम करायचं, त्यांची भाषा शिकायची, त्यांचा मुलूख बघायचा."

भोंग्याने तिथल्या तिथे होकार दिला. मग घरी सांगायची वेळ आली.

"पगार किती?" आईने विचारलं.

"पगार नाही, आई. स्वयंसेवा असते ती. राहायचं-खायचं ते बघतात."

"म्हणजे फुकट राबायचं? त्यासाठी विमानात कशाला बसायला हवं? आपला गोठा आहे की इथे!"

बाबा ओटीवर नावेचा दोर गुंडाळत होते. मान वर न करता ते म्हणाले, "जन्मभर मी दुसऱ्यांची माणसं पलीकडे पोचवली. आपल्या घरचं एक जाऊ दे की."

आई तीन दिवस कोणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने भोंग्याच्या पिशवीत जाड लोकरीचे मोजे कोंबले.

तिची नेमणूक एका वृद्धाश्रमात झाली. चढावरची जुनी दगडी इमारत, खाली गावातून ट्राम जायची, लांबलचक गल्लीसारखे कॉरिडॉर आणि सगळीकडे साबणाचा वास. आश्रम सांभाळायच्या त्या मेट्रनबाई. ताठ, पांढऱ्याशुभ्र, चालताना बुटांचा आवाज न करणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या पाटीवर बोट ठेवलं आणि सोबतच्या दुभाष्याने अर्थ सांगितला : शांतता राखा.

भोंग्याने मनाशी ठरवलं, इथे तरी माणसात राहायचं. ती कुजबुजायला लागली. तिला धुलाईघरात काम दिलं होतं. चादरी गोळा करायच्या, यंत्रात घालायच्या, वाळवायच्या, घड्या करायच्या. संध्याकाळी भाषेचा वर्ग. तिथे शिकलेलं वाक्य ती दुसऱ्या दिवशी एखाद्या आजींना हळूच म्हणून बघायची. आजी कान पुढे करून म्हणायच्या, "काय?" भोंग्याला वाटायचं, आपण चुकलो. मग ती आणखी हळू बोलायची. आजी मान हलवून निघून जायच्या. महिनाभर तिच्याशी कोणी धड बोललं नाही. आणि ती कोणाशी बोलली, हे कोणाला कळलंही नाही.

"आवाज का गं बसलाय तुझा?" आईने फोनवर विचारलं.

"बसला नाही. बसवलाय," भोंगा म्हणाली आणि फोन ठेवून ओल्या चादरींच्या ढिगात तोंड खुपसून रडली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती गाड्याची गोष्ट घडली. धुलाईघरातून मागच्या अंगणात उतरायला एक उतार होता. भोंगा ओल्या कपड्यांनी भरलेला गाडा उतरवत होती आणि तो तिच्या हातातून निसटला. खाली बाकावर एक आजोबा बाजूच्या वाटेवर पाय लांब पसरून ऊन खात बसले होते, उताराकडे पाठ करून. हे आजोबा नोकरीत असताना ट्राम चालवायचे, म्हणून सगळे त्यांना ट्रामवाले म्हणत. गाडा घरंगळत थेट त्यांच्याच दिशेने निघाला. पाटी, मेट्रनबाई, माणसात राहायचं, सगळं भोंगा विसरली.

"आजोबा! पाय!"

मराठीतच ओरडली. आजोबांना शब्द कळण्याचं काही कारण नव्हतं. पण ते दचकून वळले, गाडा बघितला आणि त्यांनी पाय वर घेतले. गाडा त्यांच्या बुटांना घासून जाऊन फुलांच्या वाफ्यात उलटला. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या पटापट उघडल्या. मेट्रनबाई धावत आल्या, आणि या वेळी त्यांच्या बुटांचा आवाज झाला.

"कोण ओरडलं?" ट्रामवाल्या आजोबांनी विचारलं.

"मी," भोंगा पुटपुटली.

"कोण?"

मेट्रनबाईंनी तिच्याकडे बोट दाखवलं. आजोबा उठले, तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पुन्हा ओरड."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. आजोबांनी हाताने खूण केली, अगदी गाडी पुढे घ्या म्हणतात तशी. भोंग्याने मेट्रनबाईंकडे बघितलं, डोळे मिटले आणि वर्गात शिकलेलं पहिलं वाक्य छाती भरून म्हटलं, "नमस्कार! मी नावाड्याची मुलगी आहे!"

"ऐकलंत?" आजोबा खिडक्यांकडे बघून ओरडले. "नावाड्याची मुलगी आहे ती! माझ्या पाठीमागून कोणी बोललं आणि मला ऐकू आलं, असं किती वर्षांत झालं नव्हतं!"

आश्रमातल्या बहुतेकांची हीच रड होती. कानातली यंत्रं शिट्ट्या मारतात म्हणून ती खिशात जायची. कर्मचारी पाटीला घाबरून हळू बोलायचे. मग हळूहळू बोलणंच थांबायचं. मेट्रनबाईंना हे कळत नव्हतं असं नाही. पण आश्रमात आजारी माणसंही होती, त्यांना झोप हवी होती. शेवटी तोडगा निघाला. रोज दुपारी जेवणघरात, दारं लावून, भोंग्याने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं.

अक्षरं तिला वाचता येत, अर्थ निम्माही कळत नसे. पण समोर शिकवणारे पुष्कळ होते. त्यातल्या टपालवाल्या आजी सगळ्यात खट. एके काळी सायकलवरून गावभर पत्रं वाटायच्या, आणि उच्चार चुकला की टेबलावर चमचा आपटायच्या.

"पुन्हा! हा शब्द असा म्हटलास तर त्याचा अर्थ महापौर नाही, मुळा होतो."

"आमच्या महापौरांना चालेल तो," ट्रामवाले म्हणायचे, आणि जेवणघर खदखदून हसायचं.

भाषेच्या वर्गात जे महिनाभरात जमलं नव्हतं ते तिथे भराभर आलं. भोंगा त्यांच्या भाषेत हवापाण्यावर बोलू लागली, मग भाव-किमतीवर, मग टपालवाल्या आजींशी भांडूही लागली. मोकळ्या दिवशी एखाद्या आजीला चाकाच्या खुर्चीत बसवून ती गावात घेऊन जायची. आजी बोट दाखवून सांगायची, इथे माझं घर होतं, इथे मी पहिली नोकरी केली. अशाने तिला ते गाव इतकं माहीत झालं, की फिरायला आलेले लोक तिलाच रस्ता विचारू लागले.

मग आश्रमवासीयांच्या डोक्यात नाटकाचं वेड शिरलं. त्यांनीच जुळवलेलं, न्यायालयातलं विनोदी नाटक. दोन शेजारी आणि एक बकरी. बकरी कोणाची, हा खटला. ट्रामवाले न्यायाधीश, टपालवाल्या आजी फिर्यादी. बकरीच्या कामासाठी मात्र जोरदार भांडणं झाली, कारण बकरीला पाठांतर नव्हतं. नगरपालिकेचं सभागृह मिळालं, नातेवाइकांना आमंत्रणं गेली.

रंगीत तालमीला सगळा घोटाळा बाहेर आला. पाठांतर कोणाचंच टिकत नव्हतं. आठवण करून द्यायला एक चष्मेवाला स्वयंसेवक पडद्यामागे बसवला होता. तो बिचारा नियमाप्रमाणे कुजबुजायचा.

"काय?" न्यायाधीश पडद्याकडे वळून विचारायचे.

तो पुन्हा कुजबुजायचा.

"काय म्हणतोय तो?" फिर्यादी विचारायच्या.

"मला काय माहीत! बकरीला विचार!"

तालीम अर्ध्यावर थांबवून मेट्रनबाई उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "हे रद्द करू या," त्या म्हणाल्या. "मुलं-नातवंडं येणार तुमची. लोक हसतील. तुमचं हसं झालेलं मला बघवणार नाही."

टपालवाल्या आजींनी डोक्यावरचा रुमाल काढून नीट घडी घातली. बकरी झालेल्या आजोबांनी शिंगं उतरवली. ते बघून भोंग्याला राहवेना. ती मागच्या रांगेत बसली होती, तिथूनच बोलली.

"मेट्रनबाई, हे न्यायालय आहे ना?"

"हो. मग?"

"मग पुकारा करणारा शिपाई कुठे आहे? आमच्याकडे न्यायालयात शिपाई असतो. तो मोठ्याने नाव पुकारतो. इथेही ठेवा एक. तो मध्ये उभा राहील, सगळ्यांच्या समोर. जो अडेल त्याचं वाक्य पुकारेल. लपायचं कशाला?"

"आणि शिपाई कोण होणार?" चष्मेवाल्याने विचारलं.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मेट्रनबाई म्हणाल्या, "सगळं नाटक पाठ करावं लागेल तुला. आमच्या भाषेत."

"करते."

आणि तिने केलं. चादरींच्या घड्या घालताना केलं, यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून केलं. न्यायाधीशाचं, फिर्यादीचं, साक्षीदारांचं, सगळ्यांचं.

प्रयोगाच्या संध्याकाळी सभागृह भरलं. पडदा उघडला. मधोमध भोंगा, निळा अंगरखा, पितळी बटणं, हातात काठी. तिने काठी आपटली आणि खटला पुकारला. पुढच्या रांगेतलं एक मूल दचकून आईच्या मांडीवर चढलं.

पहिली काही वाक्यं सुरळीत गेली. मग न्यायाधीश अडले. तोंड उघडं, हात वर, आणि शब्द गायब. सभागृहात चुळबुळ झाली. मेट्रनबाईंनी विंगेत डोळ्यांवर हात घेतला.

भोंगा एक पाऊल पुढे आली. "न्यायाधीश महाराज म्हणतात, बकरीला हजर करा!"

"ऐकू येतंय मला!" ट्रामवाले दरडावून म्हणाले. "मी विचार करत होतो. न्यायाधीशाने विचार करायचा नाही का? बकरीला हजर करा!"

हे नाटकात नव्हतं. सभागृह असं हसलं, की छताचे दिवे हलले म्हणतात. त्यानंतर म्हाताऱ्यांना जोरच चढला. आठवत होतं तेही काही जण मुद्दाम विसरू लागले. टपालवाल्या आजी पुकाऱ्याआधीच भोंग्याला म्हणाल्या, "थांब, या खेपेला मला येतंय!" आणि चुकीचं वाक्य ठणकावून म्हणाल्या. भोंग्याने तितक्याच ठणकावून तो पुरावा फेटाळला. बकरीने आयत्या वेळी तोंड उघडून स्वतःची साक्ष दिली. लोक हसत होते, पण म्हाताऱ्यांना नव्हे, त्यांच्याबरोबर. शेवटी सगळे उभे राहिले. ट्रामवाल्यांचा उंच, टक्कल पडलेला मुलगा रंगमंचावर चढला आणि त्यांच्या गळ्यात पडून त्यांच्या कानात काहीतरी बोलला.

"काय?" आजोबांनी विचारलं.

शेजारी उभ्या भोंग्याने ते ऐकलं होतं. ती पुढे झाली आणि तिने भर सभागृहात पुकारलं, "तुमचा मुलगा म्हणतोय, बाबा, मला तुमचा अभिमान वाटतो!"

आजोबांना ऐकू गेलं. सगळ्यांनाच ऐकू गेलं.

मेट्रनबाईंनी तिला विंगेत गाठलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. "त्या शांततेच्या पाट्या," त्या म्हणाल्या, "फक्त आजाऱ्यांच्या खोल्यांबाहेर ठेवू. बाकीच्या उद्या काढ."

शेजारच्या गावातून नाटकाचं बोलावणं आलं, मग त्याच्या पुढच्या. कोणीतरी एक जुनी बस मिळवून दिली. चाकाच्या खुर्च्या मागे बांधल्या, शिंगं टपावर. निघाले तेव्हा लख्ख सकाळ होती. ट्रामचे रूळ जिथे संपतात तिथे बस आली आणि ट्रामवाले खिडकीची काच धरून उभे राहिले.

"चाळीस वर्षं मी इथून गाडी मागे फिरवली," ते म्हणाले. "पुढे काय आहे ते बघितलंच नाही."

"मग बसा माझ्या शेजारी," भोंगा म्हणाली. "पुढचं मी सांगते."

नकाशा मांडीवर पसरून तिने येईल ते प्रत्येक गाव पुकारलं. आधी पूल, मग काचेच्या कारखान्याचं गाव, मग दोन टेकड्यांमधलं तळं. ते नाव वाचताना ती अडखळली, तर टपालवाल्या आजींनी लगेच चमचा आपटला. भोंग्याने ते नाव पुन्हा म्हटलं, या वेळी बरोबर. अख्ख्या बसने तिच्यामागून तेच नाव म्हटलं. चालकाने हॉर्न दिला, वळण संपलं, आणि समोर सभागृहाच्या पायऱ्यांवर वाट बघत उभी असलेली माणसं त्यांना दिसू लागली.