पिवळ्या स्पंजाची चिठ्ठी

मी एक जुनी काचेची बरणी आहे, मित्रांनो. काठाला टवका, झाकण सैल. कारखान्यात माझ्या शेकडो बहिणी एकाच साच्यातून निघाल्या, पण ढिलं झाकण नेमकं माझ्याच नशिबी आलं. तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही आणि मीही ब्र काढला नाही.

माझी नेमणूक समुद्रावर झाली. एका पाणबुड्याने खोल कपारीतून पिवळ्या स्पंजाचा, म्हणजे खडकाला चिकटून वाढणाऱ्या एका समुद्री जीवाचा, तुकडा कापून आणला, माझ्यात ठेवला आणि कुजू नये म्हणून वर स्पिरिट ओतलं. मग एका कपट्यावर पेन्सिलीने जागा, पाण्याची खोली आणि तारीख लिहून ती चिठ्ठीही आतच टाकली. त्याची रीतच तशी होती.

प्रयोगशाळेतल्या संशोधक बाई भारी टापटिपीच्या. "शी! काय हा मळका कागद!" असं म्हणत त्यांनी चिठ्ठी चिमट्याने काढली, मजकूर पेनाने सुबक लेबलावर उतरवला आणि चिठ्ठी केराच्या टोपलीत टाकली. नोंदवहीत फक्त 'लेबल पाहा' एवढंच लिहिलं. खोटं कशाला बोलू, ते लेबल अंगावर मिरवताना मला फार बरं वाटलं. पुढे तीन वर्षं मी कपाटात पडून होते. झाकणातून स्पिरिट थेंबथेंब झिरपत होतं.

मग एकदा बाईंनी त्या तुकड्याचा अर्क काढला आणि विषाणू शिरलेल्या पेशींवर टाकला. विषाणूंची वाढ थांबली, पेशी तगल्या. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच! बाईंचा आनंद गगनात मावेना. पण औषधापर्यंत पोचायला पुष्कळ स्पंज हवा होता आणि माझ्यात उरला होता नखाएवढा. तो कुठून आणला ते वाचायला त्यांनी मला फिरवलं. लेबलावर नुसता निळा डाग होता.

मला पिशवीत घालून त्या पाणबुड्याच्या घरी गेल्या. तो आता थकला होता.

"काका, हा कुठून आणला होता हो?"

"आत चिठ्ठी असेल की, ताई. शाई स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून पेन्सिलीनं लिहितो मी."

"ती... मी टाकून दिली, काका."

म्हाताऱ्याने मला उचलून उजेडात धरलं. "शेकडो कपारी पालथ्या घातल्या मी. चिठ्ठी होती ना, म्हणून डोक्यात ठेवलं नाही."

पुढची दोन वर्षं बाईंनी समुद्र धुंडाळला. पिवळे स्पंज खूप मिळाले. विषाणूला रोखणारा एकही निघाला नाही.

आता मी बाईंच्या टेबलावर असते. माझ्यात पेन्सिली असतात. नव्या विद्यार्थ्यांना त्या एकेक देतात आणि का ते स्वतःहून सांगतात.

मित्रांनो, कुणी मळक्या कागदावर काही लिहून दिलं, तर टाकण्याआधी त्याला एकदा विचारा. आणि तुमच्यातलं काही गळत असेल, तर माझ्यासारखे गप्प बसू नका. ती कपार अजून समुद्रात तिथेच आहे. तिथवर जायची वाट मात्र आम्ही दोघींनी मिळून पुसली.