न मागितलेला निरोप

निपाणीजवळच्या त्या सरकारी मराठी शाळेत निरोप समारंभ म्हटला की शाल, श्रीफळ आणि हेडमास्तर केशवसरांचं भाषण ठरलेलं. त्यातलं श्रीफळ तेवढं आटोपशीर असायचं.

या खेपेला निरोप ब्राह्मीबाईंना होता. काचबिंदूनं त्यांची नजर गेली, तशी सगळी शाळा हळहळली आणि हळहळीच्या भरात समारंभ ठरवून मोकळी झाली. बाईंनी राजीनामा दिलाय का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. नजर गेली म्हणजे नोकरी गेली, असं सगळे धरूनच चालले होते.

अबोलीही त्यातलीच. ती अतिथी शिक्षिका, जो मास्तर रजेवर त्याचा वर्ग सांभाळणारी. बाईंचा पाचवीचा वर्ग आता तुलाच, असं सरांनी तिला सांगून ठेवलं होतं. तिला वाईट वाटत होतं, बरंही वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाज वाटत होती.

भाषण संपलं. सरांनी डोळे पुसले. बाई काठी टेकत उठल्या, खांद्यावरची शाल काढून तिची नीट घडी घातली आणि चाचपून टेबलावर ठेवली.

"सर, मी राजीनामा दिला न्हाय. मग निरोप कुणाला चाललाय?"

"तुमच्या भल्यासाठीच की वो, बाई," सर गडबडले. "लई त्रास हुईल तुम्हांला."

"तुमची माया ठाऊक हाय मला. पण मायेनं काढलं तरी काढलंच की! दोन हजार सोळाचा कायदा हाय, सर. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी माणसाला काढता येत न्हाय, खालच्या पदावर ढकलता येत न्हाय. काम करता येईल अशी सोय द्यायची असती. तेवढी मागतेय. शिकवायला डोळं लागत न्हाईत मला, फळ्यावर लिहायला लागत्यात."

आवाज चढला नाही की कापला नाही. अबोलीचा ऊर अभिमानानं भरून आला. असं ताठ उभं राहणं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

"लिहायला माणूस कुठनं आणू आता?" सर पुटपुटले.

आपला वर्ग हातचा जातोय, हे अबोलीला कळत होतं. तरी ती उठली.

"मी लिहीन, सर. वर्ग बाईंचाच."

बाईंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"अक्षर बरं हाय का गं तुझं?"

"व्हय, बाई."

"मग चल. पोरं खोळंबल्यात."