हिरव्या कडेचा रस्ता

मित्रांनो, मी जुना आहे एवढं नक्की. कागदाचा आहे, घड्यांचा आहे, फ्रान्समधल्या ओव्हेर्न्यच्या डोंगराळ मुलखातल्या रस्त्यांचा नकाशा आहे, हेही नक्की. पण माझं आयुष्य प्रवासात गेलं की घरात बसून, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. तुम्हीच ऐका आणि सांगा.

छापखान्यातून निघालो तेव्हा मी एकदम कडक होतो. ज्या रस्त्यावरून डोंगर, दरी, नदी छान दिसते, त्या रस्त्याला माझ्यावर हिरवी कड आहे. मला वाटायचं, आता आपण फक्त हिरव्या रस्त्यांवर फिरणार. मला विकत घेतलं ह्युगेतने, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. तिचा नवरा आर्मां. दोघांच्या बावीस गाई.

दर हिवाळ्यात बर्फ पडला की रविवारी जेवण उरकून ते मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरायचे. ह्युगेत पेन्सिलने रेघ ओढायची. घरापासून निघायचं, मोठा रस्ता टाळायचा, हिरव्या कडेने हळूहळू दोर्दोन्य नदीपर्यंत जायचं आणि तिथे एक रात्र राहायचं. दुपारी बाराला जेवायला कुठे थांबायचं यावरून हमखास भांडण. तो म्हणायचा पुलाजवळ, ती म्हणायची चर्चच्या चौकात. मग चीज कापलं जायचं. माझ्यावर त्याचे डाग आहेत.

वसंत आला की मी ड्रॉवरमध्ये. कारण गाईंची धार सकाळी पाचला आणि संध्याकाळी पाचला. आमच्याकडच्या डोंगरी जातीच्या गाई वासरू शेजारी असल्याशिवाय पान्हा सोडत नाहीत, आणि परक्या माणसाला तर मुळीच नाही. शेजारचा बाप्तिस्तँ एक दिवस सांभाळतो म्हणाला होता. आर्मां म्हणाला, याचे हात बर्फासारखे गार, गाई लाथ घालतील. बाप्तिस्तँ तेव्हापासून दर हिवाळ्यात दारातूनच विचारायचा, यंदा टेबलावर कुठपर्यंत पोचलात?

अशी एकेचाळीस वर्षं. माझ्यावर एकेचाळीस रेघा. मी एकदाही गाडीत बसलो नाही.

मागच्या शरद ऋतूत आर्मांच्या गुडघ्यांनी हात टेकले आणि गाई विकल्या. मला वाटलं, आता मीही जाणार रद्दीत. झालं उलटंच. जूनमधल्या एका मंगळवारी ह्युगेतने मला मांडीवर घेतलं आणि गाडी खरोखर निघाली.

मित्रांनो, बाहेर मला काहीच ओळखू येईना. मी छापला गेल्यानंतर कधीतरी रस्त्यांचे नंबर बदलले होते. माझ्यावर एक आकडा, पाटीवर दुसराच. साध्या तिठ्याच्या जागी गोल चौक आला, आर्मांने त्याला चार फेऱ्या मारल्या.

"तुझा नकाशा म्हातारा झालाय," तो म्हणाला.

"तुझ्याहून लहान आहे. तू गाडी बघ."

मला वाईटही वाटलं आणि बरंही. बाराला ते पुलाजवळ जेवले. पाव, हॅम, घोटभर वाइन. ह्युगेत दरीकडे नुसती बघत राहिली. तिला हवी होती ती एकच गोष्ट. घराबाहेर एक रात्र. लग्न झाल्यापासून तशी एकही मिळाली नव्हती.

मग साधारण साडेतीन वाजले. आर्मांने उन्हाकडे बघितलं. ह्युगेतने माझी घडी घातली. कुणी कुणाला काही म्हणालं नाही. एका शेताच्या फाटकापाशी गाडी वळली आणि आलो त्याच रस्त्याने परत निघाली. मला वाटलं, चूक माझीच. मी उलटा धरला गेलो असणार. पण दोघं अगदी शांत होते, रोजचं काम असावं तसे.

वीसेक किलोमीटर गेल्यावर गाडी थांबली. समोरून कुणाच्या तरी गाई रस्ता ओलांडत होत्या, गळ्यात घंटा, सड भरलेले, घराकडे निघालेल्या. आर्मां मनात मोजत होता, त्याचे ओठ हलत होते. शेवटची गाय गेली. रस्ता मोकळा झाला तरी गाडी हलेना.

"आर्मां," ह्युगेत म्हणाली. "आपण कुणाची धार काढायला चाललोय?"

त्याने इंजिन बंद केलं. मग म्हणाला, सवय गं. तीही म्हणाली, मीसुद्धा गुपचूप घडी घातलीच की. मला वाटलं, आता हसतील. कुणी हसलं नाही.

"बरंचसं मागे आलोय, घरीच जाऊ," तो म्हणाला. "तिथे नदीकाठी पहाटे पाचला उठून मी काय करू?"

"घरी काय करतोस? रिकाम्या गोठ्यात जाऊन उभा राहतोस. मला खिडकीतून दिसतं रोज."

ह्युगेतने मला झटक्यात उघडलं आणि मी मधल्या घडीवर टरकन फाटलो. त्या आवाजाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आर्मांने माझे दोन्ही तुकडे घेतले, कडेला कड जुळवून तिच्या मांडीवर ठेवले आणि गाडी पुन्हा वळवली. एका दिवसात तीन वेळा तोच रस्ता. पुढचं मात्र सगळं नवीन.

नदीकाठच्या खाणावळीत त्यांना वरची खोली मिळाली. पहाटे पाचला आर्मां उठून बसला. नदीवर धुकं होतं.

"पाच वाजले," तो म्हणाला.

"हो," ह्युगेत म्हणाली. तीही जागीच होती. "झोप."

तो झोपला नाही. पण गेलाही नाही कुठे. खिडकीशी तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि दोघं धुकं जायची वाट बघत बसले. हा प्रवास होता की नुसतं बसणं, मला माहीत नाही. माझ्यावर अशा गोष्टीला खूण नाही.

मित्रांनो, अशा वेळी आमच्यासारख्या वस्तू सांगतात, आम्हाला जपा, ओल लागू देऊ नका, नीट घडी घाला. मीही तेच सांगणार होतो. पण एकेचाळीस वर्षं मला जपलंच होतं की. त्यापेक्षा आम्हाला वापरा. फाटलो तर दोन माणसांनी मिळून धरा, रस्ता दिसतो.