चाळण आणि काथवट

माझ्या बहिणीला तिच्या सासूनं, लल्ला द्रीफानं, घराबाहेर काढलं ते एका उपमेच्या बळावर. भर हमामात, वाफेत बसलेल्या साऱ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली होती, "आमची सून म्हणजे चाळण. कितीही ओता, राहत काही नाही." तीन वर्षांचा संसार मोडायला तेवढं वाक्य पुरलं. उनीसा माहेरी आली. तेव्हापासून कुसकुसचा रवा मी चाळते. ती चाळणीला हात लावत नाही.

खरं काय, ते तिनं फक्त मला सांगितलं होतं. द्रीफाचा लेक जलूल तिच्याजवळ एकदाही आला नव्हता. असलं सत्य आमच्या कसब्यात बाईच्या तोंडून निघालं, तर त्याचं खापर तिच्याच माथी फुटतं. ते उच्चारायला एकच निर्दोष जागा होती : बुकालाचं मडकं.

रमजानात रोजा सुटला की बायका चौकात जमतात. मडक्यातल्या पाण्यात प्रत्येकीनं आपला एक दागिना सोडायचा आणि मनात एक माणूस धरून ओढणीला गाठ मारायची. मग एकीनं चार ओळी म्हणायच्या आणि एखाद्या कुमारिकेनं दागिना काढायचा. जिचा दागिना निघेल, ती मनातलं नाव सांगते. ओळी त्या नावाला लागतात. बोल दैवाचा, म्हणून म्हणणारीला दोष नाही.

त्या संध्याकाळी द्रीफानं आम्हाला मुद्दाम बोलावलं होतं. जलूलची नवी वाग्दत्त वधू तसादित आणि तिची आई खदौज पाहुण्या होत्या.

"ये गं उनीसा, दाराशी का उभी? वाट विसरलीस वाटतं?" द्रीफा हसली. "तूही टाक काहीतरी मडक्यात. निघेल एखादा बिजवर, पोराबाळांसकट. आयतीच मिळतील तुला!"

बायका हसल्या. उनीसानं कानातलं काढून पाण्यात सोडलं. तेच वर आलं, तर माझ्या ओळी तिच्याच अंगाला चिकटणार होत्या.

"आणि आमच्या कवयित्रीबाई?" द्रीफा माझ्याकडे वळली. "ते विद्यापीठातलं चंद्रबिंद्र नको हं, झहूर. घरातलं काहीतरी म्हण, आम्हा अडाण्यांना कळेल असं."

"घरातलंच म्हणते, मावशी."

वर्षभर जिभेखाली धार लावलेल्या ओळी मी सावकाश म्हटल्या :

"काही राहिलं नाही म्हणून चाळण फेकलीस;
हाता, खरं सांग, काथवटीत रवा तरी होता का?
शेगडीला थंड म्हणणाऱ्या, निखारा कुठे ठेवलास?
रिकाम्या मडक्याला कान लाव : ते स्वतःचंच गातं."

द्रीफाच्या हातातला पंखा थांबला. दागिना काढायचा मान तिनंच मघाशी कौतुकानं तसादितला दिला होता. तसादितनं मडक्यात हात घातला. तो आत रेंगाळला, चाचपडत राहिला. पाण्यावरून तिनं उनीसाकडे पाहिलं. उनीसानं, एवढ्या काळात प्रथमच, नजर खाली घेतली नाही.

तसादितनं हात बाहेर काढला. बोटांत साखरपुड्याची अंगठी होती.

"अगं बाई, माझीच की!" ती म्हणाली; आश्चर्य फारच थोडं होतं.

"गाठ कुणाच्या नावाची?" खदौजनं विचारलं.

"जलूलच्या."

"खेळच तो, बाई! दुसरं काढा," द्रीफा घाईघाईनं म्हणाली.

"खेळ? मघाशी पहिल्या फेरीच्या ओळींत माझ्या लेकीच्या वाट्याला पाळणा आला, तेव्हा ते नशीब होतं. आता खेळ?" खदौज उनीसाकडे वळली. "पोरी, तू सांग."

"मी तर चाळण, मावशी," उनीसा शांतपणे म्हणाली. "मी काय सांगणार? माझ्यात कधी काही पडलंच नाही."

खदौजनं स्वतः आणलेल्या बदामी मिठाईच्या ताटावर पुन्हा रुमाल झाकला. अंगठी मडक्याशेजारी ठेवून मायलेकी निघाल्या. ताट त्यांच्यासोबत गेलं.

"जळो तुझं तोंड, झहूर!" द्रीफा किंचाळली.

मला दया आली नाही. मी ती शोधलीही नाही.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघी हमामात गेलो. द्रीफाची नेहमीची जागा मोकळी होती. उनीसा नेमकी तिथेच, सगळ्यांच्या मध्ये, जाऊन बसली. मी तिच्या खांद्यांवरून गरम पाण्याचा तांब्या ओतला.

"ओत," ती मोठ्यानं म्हणाली, साऱ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात. "आणखी ओत."