सुंदरबाई हरवल्याचा कागद

परळीच्या रेल्वे स्टेशनवर तिकीट खिडकीजवळच्या खांबाला चिकटवलेला कागद आहे ना, तो मी. जरा थांबा, माझं ऐका. माझ्यावर एका हरवलेल्या आईचा फोटो आहे आणि खाली तिच्या मुलाचं नाव नि फोन नंबर. तो नंबर कुणाला वाचताच येत नाही.

सुंदरबाई नारायणगडाच्या यात्रेत हरवल्या. म्हातारपणी त्यांना स्वतःचं गावही आठवत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आदिनाथ सिरसाळ्याला उत्तरेश्वरच्या छपाईच्या दुकानात आला. उत्तरेश्वर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर करतो. साधं अक्षर टाकलं की गिऱ्हाइकाचा मान राहत नाही, असं त्याला वाटतं.

"नंबर साधाच टाक बे," आदिनाथ म्हणाला.

"कावून? माय हाय तुझी. लांबून चमकला पायजे नंबर!"

उत्तरेश्वरनं लाल आकड्यांभोवती हिरवी झळाळी दिली, मागं काळी सावली सोडली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आकडे दिव्यासारखे पेटले. आदिनाथचे डोळे भरून आले.

"लई भारी दिसतंय गड्या. काढ दोनशे कागद."

पण पडद्याच्या पोटात उजेड असतो, माझ्या नाही. तिथली झळाळी म्हणजे खरा उजेड होता, माझ्यावर ती नुसती शाई झाली. त्यात छपाई काळी-पांढरी. लाल काय, हिरवा काय, दोन्ही सारखेच राखाडी उमटले. सावलीनं उरलेल्या फटी बुजवल्या. तीन, सहा, आठ, सगळे एकसारखे डाग झाले.

आदिनाथनं गठ्ठा घेतला, आईचा फोटो तेवढा पाहिला. स्वतःचा नंबर कोण वाचून बघतं?

आज चहावाल्या वनमालाबाई माझ्यापुढं थबकल्या.

"अगं माय! ही तर माझ्या बाकड्यावर बसलीय की!"

त्यांनी डोळे बारीक करून नंबर लावला. "आदिनाथ हाय का?"

"न्हाई. राँग नंबर."

आठच्या जागी तीन धरून पुन्हा लावला. तिकडून कुणीतरी खेकसलं, "आदिनाथ-बिदिनाथ कुणी न्हाई हितं! ठिवा फोन!"

इतक्यात गाडीची शिट्टी झाली. सुंदरबाई बाकड्यावरून उठल्या. मला इथून दिसतंय, त्या डब्याच्या दाराकडं निघाल्यात. गाडी कुठली, हे त्यांना ठाऊक नाही. आणि वनमालाबाई अजून माझ्या आकड्यांवर बोट फिरवतायत.

अहो वनमालाबाई, मला सोडा! माझ्याकडून नंबर मिळायचा नाही. पळा, आधी त्या माउलीचा हात धरा!